मांडणी तीच, डाव वेगळा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. हरेशच्या आई, तुम्हाला सगळ्यांच्या आधी.

मला इथे बोलायला सांगितलंत. सकाळपासून माझं जाऊ की नको चाललं होतं. हरेश गेला हे अजून मला नीट म्हणतासुद्धा येत नाही. कावीळ झाली म्हणून रजा टाकून गेलेला माणूस, परत येऊन शेजारच्या खुर्चीत बसेल असंच वाटत होतं. त्यामुळे बोलायचं नाही असंच ठरवलं होतं. पण माझ्या आधी जे बोलले त्यांचं ऐकलं आणि उठले. रागानेही माणूस उठतो कधीकधी.

माझी ओळख करून देते. मी सुनंदा प्रधान. डोंबिवलीला राहते. हरेश म्हात्रे आणि मी एकाच कंपनीत, कॉम्प्युटर खात्यात, शेजारी शेजारी बसायचो. मी या बुद्धिबळ मंडळाची सभासद नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मागच्या वेळी याच हॉलमध्ये मी तोंड उघडलं तेव्हा मला तेच ऐकवण्यात आलं होतं. "मॅडम, तुम्ही सभासद नाही." आज चालतंय. आज माइकसुद्धा दिलाय.

हा फोटो बघा. चांगला आलाय, नाही? तो मी आणलाय. कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. मंडळाकडे विचारलं तर म्हणाले, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. इतकी वर्षं जो या मंडळात खेळला, स्पर्धांना पट मांडायला सगळ्यांच्या आधी यायचा, त्याचा एक फोटो नाही. भिंतीवर बघा किती फोटो आहेत. बक्षीस समारंभ, सत्कार, सहली. खडवलीच्या नदीकाठची सहल आहे ती, त्यात तो होता. आता नाही. कडेला उभा होता, फ्रेम करताना कापला गेला असेल. असेल बुवा.

आत्ता इथे बोललं गेलं की हरेश म्हणजे मंडळाचं रत्न. ठाण्यात कॉम्प्युटरवर बुद्धिबळ आणणारा पहिला माणूस. द्रष्टा म्हणाले कोणीतरी. आणि घोषणा झाली की दर वर्षी 'हरेश म्हात्रे स्मृती चषक' ठेवणार. टाळ्यासुद्धा वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हेही विसरलात.

मंडळी, ज्या माणसाला तुम्ही याच हॉलमधून खोटारडा म्हणून बाहेर काढलं, त्याच्या नावाचा चषक? कोणाला देणार तो? खोटं खेळून पहिला येईल त्याला?

इथे बरीच नवी मंडळी आहेत. तुम्हाला माहीत नसेल काय झालं. तर ऐका. आई, तुम्हीही ऐका. तुम्हाला मी घरी सांगितलंय, पण चारचौघांत कोणी सांगितलेलं नाही.

आमच्या कंपनीत पीसी आले तेव्हाची गोष्ट. हिरव्या अक्षरांचे पडदे, मोठ्या फ्लॉपी. हरेशने कंपनीतल्या साहेबांची परवानगी काढली आणि सुट्टीच्या दिवशी येऊन बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. मी म्हटलं, "अरे, सुट्टीच्या दिवशी तरी माणसांत जा." म्हणाला, "माणसांशी खेळून खेळून कंटाळलो गं." तसा तो माणूसघाणाच होता. आता गेलाय म्हणून गोड गोड सांगणार नाही. कोणी नमस्कार केला तर बघायचा नाही, चहा पिताना आवाज करायचा, आणि तुमचं चुकलं असेल तर दहा जणांसमोर चुकलं म्हणून सांगायचा. स्वतःचं चुकलं तर वीस जणांसमोर सांगायचा. हे दुसरं तुम्ही लोक विसरलात.

प्रोग्रॅम कसा खेळतो ते थोडक्यात सांगते. घाबरू नका, सोपं आहे. तो म्हणतो, मी ही चाल केली तर समोरचा ती करेल, मग मी ही. असं पुढे पुढे जातो आणि शेवटी पटाला मार्क देतो. माझं चांगलं चाललं असेल तर जास्त, वाईट असेल तर कमी. आता चाली मागेपुढे केल्या तरी पुष्कळदा पटावर मांडणी तीच येते. आधी घोडा, मग उंट, किंवा आधी उंट, मग घोडा. तेच गणित परत कशाला करायचं? म्हणून मशिन एकदा काढलेले मार्क आठवणीत ठेवतं. मांडणी परत आली की आठवणीतले मार्क काढून देतं. वेळ वाचतो.

आणि इथेच गोची आहे. मशिनला मांडणी आठवते. तिथवर आपण कुठल्या वाटेने आलो ते आठवत नाही. तुम्ही सगळे खेळाडू आहात. एकच मांडणी तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, हे तुम्हाला मी शिकवायला नको. म्हणजे एका वाटेने आलात तर जी मांडणी जिंकलेली आहे, तीच दुसऱ्या वाटेने तिसऱ्यांदा आली तर बरोबरी. मशिन आठवणीतून सांगतं, जिंकलो! नीट मोजायला लावलं की म्हणतं, छे, बरोबरी. एकाच तोंडाने दोन उत्तरं.

हरेशला हे सापडलं तेव्हा तो खूश झाला होता. प्रोग्रॅमात चूक सापडली तर लोक वैतागतात. हा म्हणतो, "सुनंदा, बघ ना, कसं फसवतंय स्वतःला!" मी सरळ माणूस. मी म्हटलं, पहिलं उत्तर धर किंवा दुसरं धर, आणि पुढे जा. बाकीचे तेच करत असतील. तो म्हणाला, "दोन्ही धरायची. दोन्ही दाखवायची. ज्याला शंका आली त्याने ती लपवायची कशाला?"

म्हणून त्याने काय केलं, दोन उत्तरं जुळली नाहीत की मशिन थांबायचं. टूं करून आवाज यायचा. पडद्यावर दोन्ही उत्तरं एकाखाली एक दिसायची. हरेश ती वाचायचा, एक बटन दाबायचा, आणि मग मशिन आठवण बाजूला ठेवून सगळं नव्याने मोजायचं. त्यात वेळ जायचा. मी सांगितलं होतं, "मॅचच्या दिवशी तरी ते थांबणं काढून टाक." म्हणाला, "का? मॅचच्या दिवशी मशिन वेगळं असतं का?"

बटन फक्त 'पुढे चल' सांगण्यासाठी होतं. एवढं लक्षात ठेवा. त्या बटनाने त्याचा घात केला.

मग मंडळाने मॅच ठेवली. मशिन विरुद्ध ठाण्याचे विजेते. कंपनीतून टेंपोत घालून पीसी आणला, चादरीत गुंडाळून, मांडीवर मूल घ्यावं तसा पडदा धरून हरेश मागे बसला होता. हॉल भरलेला. आणि मशिनसमोर खेळायला बसलेले विजेते म्हणजे मंडळाचे चिटणीस. नाव मी घेणार नाही. ते पहिल्या रांगेत आईंच्या शेजारी बसलेत, आणि मघाशी रत्न वगैरे तेच म्हणाले.

चिटणीस साहेब त्या दिवशी हरत होते. हो, हरत होते. हे कोणी आता आठवत नाही. डाव संपत आला होता, पटावर राजे, हत्ती आणि प्यादी एवढंच उरलेलं, मशिनकडे एक प्यादं जास्त. साहेब आपला हत्ती पुढेमागे करून तीच मांडणी परत परत आणत होते, बरोबरी मिळावी म्हणून. चांगला खेळाडू तेच करेल. दोष देत नाही. मांडणी दोनदा येऊन गेली होती.

आणि मशिन टूं करून थांबलं.

पडद्यावर आधी आलं, हत्तीचा शह, मी जिंकलो. आठवणीतलं उत्तर. त्याच्याखाली आलं, तोच शह, बरोबरी. कारण तो शह दिला की मांडणी तिसऱ्यांदा येत होती. हरेशने बटन दाबलं. मशिनने नव्याने मोजलं आणि म्हणालं, शह नको, प्यादं पुढे. हरेशने पटावर प्यादं सरकवलं. ती चाल जिंकणारी होती. साहेबांना ती लगेच कळली, त्यांचा खेळ चांगलाच आहे. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले,

"मशिन हत्ती म्हणत होतं. प्यादं म्हात्र्यांनी ढकललं. ही चाल माणसाची आहे."

झालं. हॉलमध्ये सगळ्यांनी बघितलेलं. आधी हत्ती, मग हरेशचं बोट, मग प्यादं. अजून काय पुरावा पाहिजे?

मी विचारते, तेव्हा तुमच्यापैकी कितीजण त्या पडद्याजवळ आले? दुसरी ओळ कोणी वाचली? तिथे बरोबरी असं लिहिलेलं कोणी वाचलं? रांगेत बसून मानेने हो हो करत होतात.

मग पंच मंडळींनी डोकं लढवलं. म्हणाले, सोपं आहे. हीच मांडणी मशिनला परत घाला. खरं असेल तर तीच चाल येईल. सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं. हरेशचा चेहरा मात्र पडला. तो म्हणाला, "मांडणी तीच आहे, पण डाव तोच नाही." साहेब म्हणाले, "शब्दांचे खेळ नकोत, म्हात्रे. मांडा."

त्याने मांडलं. आणि मशिनने काय सांगितलं? हत्तीचा शह.

सांगणारच! नुसती मांडणी घातली तर मशिनला कुठे माहीत की ती आधी दोनदा येऊन गेलीय? त्याच्यासाठी तो डाव तिथेच सुरू होत होता. मागचा रस्ताच नव्हता, मग बरोबरी कुठून येणार? त्या कोऱ्या मांडणीत शह हेच बरोबर उत्तर होतं. आणि खऱ्या डावात प्यादं हेच बरोबर उत्तर होतं. मशिन दोन्ही वेळा खरं बोललं, आणि माणूस खोटा ठरला.

मी तेव्हा उभी राहिले. मी म्हटलं, "सगळा डाव पहिल्या चालीपासून भरा, मग बघा." तेव्हा मला सांगण्यात आलं, मॅडम, तुम्ही सभासद नाही. आणि कोणीतरी मागून म्हणालं, एवढा वेळ कोणाला आहे? वेळ नव्हता. एका माणसाचं नाव घालवायला वेळ होता, ते राखायला नव्हता.

आणि आता हरेशबद्दल बोलते. माझा त्याच्यावर राग आहे. अजून आहे. कारण पंचांनी त्याला विचारलं, "पहिल्यापासून भरलं तर नक्की प्यादंच येईल? शब्द देता?" हो म्हणायचं होतं. बहुतेक आलंच असतं. दुसरा कोणीही हो म्हणाला असता. हा काय म्हणाला? "शब्द नाही देता येणार. किती चाली पुढे मोजायच्या ते घड्याळावर आहे. थोडा फरक पडला तर वेगळंही येऊ शकेल."

बस. "बघा, स्वतःच म्हणतोय खात्री नाही!" सगळा हॉल हसला. मला ते हसणं अजून ऐकू येतं. जो माणूस शब्द द्यायला तयार नाही कारण त्याला खोटा शब्द द्यायचा नाही, तो तुमच्या हिशेबी चोर. आणि जो छातीठोक बोलतो तो साव.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं की म्हात्रे यांचं सभासदत्व रद्द. कारणही लिहिलं होतं, फसवणूक. येणारेजाणारे वाचत होते. खोपटला एसटी पकडायला जाणारे वाचत होते. कोणी पुसला नाही तो फळा. पुढच्या स्पर्धेची तारीख लिहायला जागा पाहिजे झाली तेव्हा पुसला.

कळव्याला बातमी जायला वेळ लागला नाही. आईंनी मला बोलावून घेतलं. आई, तुम्हाला आठवतं? तुम्ही मला ओट्यावर बसवलंत आणि विचारलंत, "बाय, माझे पोरान काय चोरी केली?" मिठागरावर उन्हातान्हात काम करून तुम्ही त्याला शिकवलंत. त्याला विचारलं तर तो उठून बाहेर जायचा. मला तुम्हाला ते शह आणि बरोबरी कसं सांगायचं कळेना. मग मी म्हटलं, आई, समजा तुम्ही खोपटच्या डेपोत उभ्या आहात. कोणी विचारलं, दमलात का? कळव्याहून चालत आला असाल तर म्हणाल, दमले. बसने आला असाल तर म्हणाल, नाही. उभं राहायची जागा तीच. तर दोनातलं एक उत्तर खोटं का?

तुम्ही लगेच म्हणालात, "नाय. मंग त्यान खोटा काय हाय?"

मंडळी, या बाईंना जे ओट्यावर बसून एका वाक्यात कळलं, ते तुम्हाला का कळू नये? तुम्ही बुद्धिमान आहात, रोज पटावर पुढच्या चाली मोजता. तुम्हाला कळायचं नव्हतं, एवढंच. चिटणीस मशिनकडून हरले ही बातमी होण्यापेक्षा म्हात्रे खोटारडा ही बातमी सोयीची होती. आणि कळव्याचा आगऱ्याचा पोरगा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो म्हणजे त्यात लबाडी असणारच, हेही काहींच्या मनात होतं. नाही म्हणू नका. मी पडद्याजवळच बायकांच्या रांगेत बसले होते, तिथे ऐकू येत होतं.

त्यानंतर हरेशने पट हातात घेतला नाही. प्रोग्रॅम मात्र सोडला नाही. सुट्टीच्या दिवशी यायचा, बसायचा. तो दोन उत्तरांचा आजार बरा करायला बघायचा. मांडणीबरोबर वाटही लक्षात ठेवून पाहिली, तर मशिन इतकं मंद झालं की विचारू नका. आठवण काढून टाकली, तर तेच. शेवटी मला म्हणाला, "हे पूर्ण जात नाही, सुनंदा. कुठे आहे ते माहीत असलं की झालं." शांतपणे म्हणाला. मला त्या शांतपणाचा संताप यायचा. मी म्हणायचे, "अरे, जाऊन भांड त्यांच्याशी!" तर म्हणायचा, "काय भांडू? त्यांनी जे बघितलं ते खरंच बघितलं ना."

बघा. तुमची बाजूसुद्धा तोच मांडायचा.

काही वर्षांनी आमच्या कंपनीत एक परदेशी मासिक यायला लागलं. त्यात एक लेख आला. मोठमोठ्या मशिनवरचे प्रोग्रॅम, जगात नाव असलेले, त्यांनाही हाच आजार. आठवणीतलं उत्तर एक, मोजलेलं दुसरं. हरेशने तो लेख वाचला, मान हलवली आणि चहाला गेला. मी तो घेऊन चिटणीस साहेबांच्या घरी गेलेले. हो, साहेब, गेलेले. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसून सगळा वाचलात. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. वाचून झाल्यावर चष्मा काढलात आणि म्हणालात, "असं आहे होय. पण आता जुनं उकरून काय उपयोग? म्हात्रे तरी कुठे तक्रार करतायत?"

म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे. आणि तुमच्यामार्फत कार्यकारिणीला माहीत आहे. तरी एक पोस्टकार्ड त्याच्या घरी गेलं नाही. रस्त्यात भेटलात तर पलीकडच्या फुटपाथवर जायचात. तो समजायचा, तुम्हाला घाई असेल.

म्हणून म्हणते, तो चषक ठेवू नका. मला त्या घोषणेची किळस आली. स्पष्ट बोलते, वाईट वाटलं तर वाटू दे. मेलेल्या माणसाचं कौतुक करायला काही जात नाही, तो उलट बोलत नाही. मेलेल्या हरेशचं करायला तर मुळीच जात नाही, कारण जिवंतपणीही तो उलट बोलला नाही.

मला एकच गोष्ट हवी आहे. माझ्यासाठी नको. आईंसाठी. या बाई इतकी वर्षं कळव्यात मान खाली घालून भाजी आणायला जातात. त्यांच्या मुलाला फळ्यावर चोर म्हटलं ते सगळ्यांना माहीत, तो चोर नव्हता हे फक्त चार जणांना माहीत. साहेब, त्या तुमच्या शेजारीच बसल्यात. उठायचीही गरज नाही. वळून एवढंच म्हणा, तुमचा मुलगा खोटा नव्हता. एक वाक्य. माइक नको, कागद नको, ठराव नको.

मी थांबते.

नाही, भाऊ, तुम्ही बसा. तुम्ही मंडळात नवीन आहात, तुमचा काही संबंध नव्हता. तुम्ही उठलात हे चांगलं केलंत, पण बसा.

साहेब उठले. बोला, साहेब. माइक देऊ का?

काय म्हणालात?

मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून सांगते. साहेब म्हणाले, "मॅडम, वेळ झाली. दोन मिनिटं मौन पाळूया."

पाळा. तुम्हाला सवय आहे. इतकी वर्षं पाळलंत, अजून दोन मिनिटांनी काय होतंय? पण मी नाही पाळणार, आणि आईंनाही उभं राहायला लावणार नाही.

आई, इकडे बघा. माझ्याकडे. मी या मंडळाची कोणी नाही, पण त्या दिवशी मी पडद्याच्या जवळ होते आणि दोन्ही ओळी वाचल्या होत्या. सगळ्यांसमोर सांगते. तुमचा मुलगा खोटा नव्हता. त्याने चोरी केली नाही. तो डाव त्याच्या मशिनने जिंकला होता.

चला, आई. माझा हात धरा. खाली पायरी आहे, जपून.

हरेश, येते रे.